गोऱ्हा गाडीत चढेच ना
आज बाजारातून गोऱ्हा आणला. पिकअपमध्ये चढायचं नावच घेईना, दोन पोट्टे शेपटी पिरगाळत, एक तुतारी (टोकाला खिळा असलेली काठी) टोचत, सगळे बोंबलत, अन् ते बिचारं नुसतं थरथरत शेण टाकत होतं. मोठेबाबा म्हणे, "अबे सरका ना बाजूला, त्याले ते ताडपत्री दिसून रायली!" खरंच, टोक फडफडत होतं. ते खोसलं, फळीवर थोडं कुटार (भुसा) टाकलं. मग मोठेबाबा त्याच्या खांद्याच्या जरासे मागं, पण बाजूनं उभे राहिले, कारण गुराले आजूबाजूचं जवळपास 300 अंशातलं दिसते, पण ठीक पाठीमागचं नाही, तिथून बोंबललं की बिचकणारच ना. मोठेबाबा एक पाऊल जवळ सरकले अन् गोऱ्हा चढला, दोन मिनिटात. इतके वर्ष मी उगाच तुतारी घेऊन फिरलो यार. आता गोठ्यात रवंथ करत बसलाय, शेपटी मात्र अजून एका बाजूलाच धरतो.