खाडीकाठची विहीर आणि वस्तुमान 75

खाडीकाठच्या एका गावच्या विहिरीचा रिपोर्ट घेऊन सरपंच आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा गावात आधीच बोभाटा झाला होता. रिपोर्टवर आर्सेनिक 14 पीपीबी, म्हणजे लिटरला 14 मायक्रोग्रॅम. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मर्यादा 10 ची. ‘मॅडम, तुम्ही एकदा तपासून बघा.’

तो रिपोर्ट दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा होता, आणि कागदावर तरी चोख होता. नमुन्यात ठाऊक असलेलं आर्सेनिक मिसळून ते परत किती सापडतं, तेही पाहिलेलं. जवळजवळ सगळं सापडलं होतं. खरी गोम तिथेच आहे. नमुन्यात आधीपासून काही खोटं भरलेलं असेल, तर वर टाकलेलं आर्सेनिक इमानेइतबारे परत मिळतं आणि खोटंही जागच्या जागी राहतं.

माझी नजर अडकली क्लोराइडवर. लिटरला सुमारे 3,500 मिलिग्रॅम. आर्सेनिक मोजायचं यंत्र, आयसीपी-एमएस, नमुन्याचे तापलेल्या आरगॉन वायूत (प्लाझ्मात) आयन करून ते मोजतं; ते मूलद्रव्य ओळखत नाही, आयनाचं वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर तेवढं ओळखतं. आर्सेनिकचा स्थिर समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) एकच, 75. आणि प्लाझ्मातल्या आरगॉनला (40) मिठातलं क्लोरीन (35) चिकटलं की तीही जोडी 75 वरच! आर्सेनिकला दुसरा समस्थानिक नसल्यामुळे बाजूला सरकून मोजायचीही सोय नाही.

क्लोरीनला मात्र 37 वस्तुमानाचा भाऊ आहे, 35 च्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे ही जोडी 77 वरही दिसायला हवी. दिसली. सेलेनियमचे समस्थानिक 77 वरही आहेत आणि 82 वरही. 77 वरून हिशेब केला तर पाण्यात चांगलंच सेलेनियम निघत होतं, 82 वरून केला तर जवळपास शून्य. म्हणजे 77 वरचं सेलेनियम नव्हे, ती जोडीच.

सरपंच बाहेर बाकावर बसलेच होते, त्यांना आत बोलावलं. अतिशुद्ध पाण्यात तेवढ्याच क्लोराइडचं शुद्ध मीठ विरघळवलं आणि त्यांच्यासमोरच यंत्राला दिलं. स्क्रीनवर आर्सेनिक: 13. ‘हे तर तुम्ही आत्ता केलेलं पाणी!’ ते म्हणाले. मग सेलमध्ये, म्हणजे यंत्रात आयन ज्यातून जातात त्या कप्प्यात, हेलियम सोडला. आरगॉन-क्लोरीनची जोडी एकट्या आर्सेनिकपेक्षा आकाराने मोठी, त्यामुळे हेलियमच्या जास्त धडका खाते, तिची ऊर्जा उतरते आणि सेलमधून बाहेर पडतानाच ती अडते. मिठाचं पाणी शून्यावर आलं. विहिरीचं पाणी 1 च्याही खाली. प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं आर्सेनिक आधीच खात्रीने ठाऊक असतं) त्याच पद्धतीत अचूक आला, तेव्हाच आकडा लिहिला. (आयन यंत्रात शिरतात त्या बारीक भोकांच्या धातूच्या शंकूंवर मिठाची पांढरी पुटं चढली होती, ती घासण्यात संध्याकाळ गेली. खारे नमुने पातळ न करता चालवले की हे व्हायचंच.)

सरपंचांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे पाणी प्यायला हरकत नाही?’

म्हटलं, आर्सेनिकचं भय नाही, पण क्लोराइडची मर्यादा दुसरा स्रोतच नसेल तरीसुद्धा 1,000. हे त्याच्या साडेतीनपट.

‘ते हो आमच्या जिभेलाच कळतं,’ ते म्हणाले. ‘पितंय कोण? भांडी घासायला वापरतो. पण विष म्हटल्यावर बायका भांड्यांनाही हात लावेनात.’

रिपोर्टच्या दोन प्रती त्यांनी मागून घेतल्या. एक ग्रामपंचायतीच्या फलकासाठी.