आधी प्रार्थनेची चिठ्ठी, मग लेवीय

गे किंवा लेस्बियन सभासदांचा विषय चर्चच्या मंडळीत निघाला की दोनच ठिकाणी जाऊन अडकतो: लेवीय 18:22 (पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये, असं सांगणारं बायबलमधलं वचन) आणि लग्न. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत काही हलवायचं असेल तर ही दोन्ही टोकं सुरुवातीला सोडून द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

लग्नाचं आधी संपवू. 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा पुरुष 21 आणि स्त्री 18 अशा वयाच्या अटी घालतो, म्हणजे स्त्री-पुरुषाचं जोडपं गृहीतच धरतो. 6 सप्टेंबर 2018 ला भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. पाळकांची कितीही इच्छा असली तरी चर्चच्या रजिस्टरला तसं लग्न लागत नाही. मग कमिटीची सभा त्यावर कशाला पेटवायची?

पण सभासदत्व, प्रभुभोजन, क्वायर, संडे स्कूलची शिकवणी, पास्टरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) निवडणूक, अंत्यविधी, यांतल्या कशाला कोर्ट आडवं येत नाही. अडवतात ती आपलीच माणसं, आणि तीही बहुधा ठराव न करता, नुसती कुजबुजून.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती प्रार्थनेच्या विनंतीची चिठ्ठी. आई काळजीपोटी लिहून देते, ‘मुलाला लग्नासाठी सद्बुद्धी मिळावी’, खाली मुलाचं पूर्ण नाव. रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ती मोठ्याने वाचली जाते. भायखळा-परळच्या मंडळ्यांत कितीतरी कुटुंबं नगर जिल्ह्यातून आलेली, एकमेकांचे सोयरे. उपासनेनंतरचा चहा संपायच्या आत निष्कर्ष निघालेला असतो, आणि तो मुलगा पुढच्या रविवारी येत नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चिठ्ठीचीही गरज उरत नाही.

म्हणून पहिला ठराव एवढाच मागा: ज्याचं नाव, त्याला विचारल्याशिवाय विनंती वाचायची नाही, ग्रुपवर टाकायची नाही. घटस्फोट, दारू, एचआयव्ही, नापास झालेली पोरं, सगळ्यांना हाच नियम लागतो, त्यामुळे विरोध करायला कुणाला जागा मिळत नाही.

दुसरा ठराव पाळकांच्या घरभेटीचा. आईवडील म्हणतात, ‘प्रार्थना करून बरं करा.’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये अशा ‘बदलण्याच्या’ उपचाराला डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पाळकांना तो नियम लागू नाही, आणि गोची तिथेच आहे. तेव्हा लिहून घ्या: ऐकलेलं घरी सांगणार नाही, सुटकेच्या (‘दुष्टात्मा’ काढण्याच्या) सभेला पाठवणार नाही, स्थळ सुचवणार नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. घाईने लावलेल्या लग्नात एका अनोळखी मुलीचंही आयुष्य अडकतं.

शास्त्राभ्यास त्यानंतर. मोठ्या सभागृहात नको, घरगुती प्रार्थनासभेत, दहा-बारा माणसांत. या विषयावर सहसा पुढे केले जाणारे उतारे सहा-सातच आहेत. सुरुवात यहेज्केल 16:49 पासून करा: सदोमाचा दोष म्हणून तिथे गर्व, भरपेट अन्न आणि गरिबाला हात न देणं हे सांगितलंय. (पुढच्याच वचनात ‘अमंगळ’ कृत्यांचा उल्लेख आहे, तोही वाचा, नाहीतर कुणीतरी वाचून दाखवेलच.) मग यशया 56 आणि प्रेषितांची कृत्ये 8, म्हणजे देवाच्या लोकांत षंढाला मिळालेली जागा. रोमकरांस 1 आणि 1 करिंथ 6 सगळ्यात शेवटी. करिंथच्या पत्रातला ‘आर्सेनोकोइताय’ हा शब्द ‘पुरुष’ आणि ‘अंथरूण’ जोडून झालाय, आणि हे दोन्ही शब्द लेवीय 20:13 च्या ग्रीक भाषांतरात शेजारीशेजारी आहेत. विरोधी बाजूचा हा भक्कम मुद्दा आहे. लपवू नका, मंडळीत धर्मविद्या शिकलेला एखादा असतोच.

‘हे अमेरिकेचं खूळ’ हा आक्षेप येणारच. 1813 ला मुंबईत आलेलं मराठी मिशन अमेरिकन काँग्रिगेशनल मंडळ्यांचं, आणि त्यांच्या वारसदार चर्चने 1972 मध्येच उघडपणे गे असलेल्या माणसाला पाळक म्हणून दीक्षा दिली, हे उत्तर तोंडावर येतं. गिळून टाका. त्याने आक्षेप आणखी पक्का होतो. मेथॉडिस्टांचंही तसंच: अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्टांनी 2024 मध्ये गे पाळकांवरची बंदी उठवली, पण भारतातलं मेथॉडिस्ट चर्च 1981 पासून स्वायत्त आहे, तो निर्णय इथे लागू होत नाही.

मृत्युपत्राचं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. जोडीदाराच्या नावे काही ठेवायचं असेल तर त्याला साक्षीदार करू नका. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर साक्ष करणाऱ्याला दिलेलं दान रद्द ठरतं. दोन साक्षीदार बाहेरचेच घ्या.

आणि प्रत्येक ठराव मिनिट्सच्या वहीत, तारखेसह, सेक्रेटरीच्या सहीने. पाळकांची बदली होते. नवे पाळक वही वाचतात, तोंडी काय ठरलं होतं ते त्यांना कुणी सांगत नाही.