आठव्या लेनची वेळ

आपल्या शाळेच्या क्रीडाफलकावर ज्यांची नावं रंगवली आहेत, त्यांत माझं नाव नाही, शोधू नका. मी धावले ती पाचवी-सहावीत, आणि हीटच्या पुढे कधी गेले नाही. सातवीत पी.टी.च्या सरांनी माझ्या हातात स्टॉपवॉच देऊन मला फक्कीच्या रेषेशी उभं केलं. तिथे जी रमले ती रमलेच. आज मी ॲथलेटिक्स स्पर्धांचं टायमिंग करते, म्हणजे फोटो फिनिश कॅमेऱ्यामागे बसून निकाल काढते.

सर दोन गोष्टींवर अडून बसत. घड्याळ आवाजावर सुरू करायचं नाही. शर्यत सोडताना आपटतात त्या क्लॅपरच्या फळ्या मिटताना दिसल्या की बटण दाबायचं. "अगं, आवाज तुझ्यापाशी येईस्तोवर पोरं सुटलेली असतात!" पुढे विज्ञानात ध्वनीचा वेग आला, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला: 100 मीटरला जवळजवळ 0.3 सेकंद. दुसरी गोष्ट, शेवटी पोरांच्या तोंडाकडे बघायचं नाही, रेषेकडे बघायचं. हे मला जड जायचं. मैत्रीण धावत असली तरी ओरडायची सोय नाही.

पहिल्या नंबरावर तीन घड्याळं लावायची पद्धत होती. 12.4, 12.6, 12.7 आलं, तर मधलं 12.6 धरायचं. सरासरी का नाही, असं मी विचारल्यावर सर म्हणाले, "नियम आहे." पुढे पंचांच्या परीक्षेचा अभ्यास करताना तो नियम छापील भेटला आणि बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून खटकत होती. वेळ लिहायची ती पहिल्या तिघांचीच. बाकीची पोरं कंबरेवर हात ठेवून धापा टाकत यायची आणि विचारायची, "माझं किती?" सांगायला काही नसायचं. मागच्या वर्षीपेक्षा आपण सुधारलो की नाही, हे त्या पोरांना कळायचं तरी कसं?

इन्स्ट्रुमेंटेशन शिकायला पुण्याला गेले. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एका स्पर्धेला स्वयंसेवक हवे होते, म्हणून नाव दिलं. तिथे फोटो फिनिशचं चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि माझं ठरलं. हा कॅमेरा मैदान बघतच नाही. तो सेकंदाला हजार किंवा त्याहून जास्त वेळा फक्त अंतिम रेषेची एक बारीक उभी पट्टी टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडत जातो. त्यामुळे चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते. रेषेवर टेकलेला बूट होडीसारखा लांबलचक दिसतो, कारण तेवढा वेळ तो तिथेच असतो. मग माउसने उभी रेघ सरकवत धडापाशी आणायची. डोकं, मान, हात, पाय धरायचे नाहीत. 11.321 आलं तर निकालात 11.33 जातं, वरच्याच शतांशाला न्यायचं. आणि ही रेघ आठही जणांवरून जाते. आठव्यालाही शतांशापर्यंत वेळ मिळते.

पी. टी. उषा 1984 साली लॉस एंजलिसला 400 मीटर हर्डल्समध्ये चौथी आली. तिची 55.42 ही वेळ आपल्याकडे कित्येकांना पाठ आहे. तिसरीची होती 55.41. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचं 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचं) सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं. असे आकडे वाचले की लोक हळहळतात. मी आधी कॅमेरा नीट रेषेत लावणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करते.

कारण खरं काम तेच. पहाटे ट्रायपॉड रेषेच्या बरोबर समोर आणायचा, स्टार्टपर्यंत वायर ओढायची, मग पिस्तूल कॅमेऱ्यासमोर वाजवून घड्याळ शून्यावर सुटतंय ना ते तपासायचं. दुपारी उन्हाने लॅपटॉपच्या पडद्यावर काही दिसेना झालं की पुठ्ठ्याचं खोकं उभं करून त्यात डोकं घालून बसायचं. पालक मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन भांडायला येतात: "आमचा पोरगा दुसरा आहे!" ते रेषेच्या चार पावलं पुढे उभे असतात, तिरकं बघितलं तर जवळच्या लेनचा मागे दिसणारच. चित्र दाखवलं की बहुतेक जण शांत होतात. सगळे नाही. पैशांचं म्हणाल तर लग्नाचे फोटो काढणारा माझ्यापेक्षा जास्त मिळवतो, म्हणून आठवडाभराची नोकरी अजून सोडलेली नाही.

आता मुद्द्याचं. माझी भाची सध्या आपल्याच शाळेत आठवीला आहे. 200 मीटरमध्ये ती पाचवी आली. "वेळ किती लागली?" विचारलं, तर म्हणाली, "पाचवीची कुठे घेतात, मावशी?" यासाठी कॅमेरा लागत नाही. आपल्या मैदानावर सहा लेन पडतात. सहा घड्याळं, नववीच्या सहा मुली आणि एक वही एवढंच लागतं. त्या वहीत वर्षानुवर्षं सगळ्यांच्या वेळा लिहिल्या, तर कुठली मुलगी सातवीपासून दहावीपर्यंत गुपचूप सुधारत गेली ते दिसेल. अशा मुली फलकावर दिसत नाहीत. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या क्रीडास्पर्धांआधी एक शनिवार मी शिकवायला येते. घड्याळं मी आणते. मुली मुख्याध्यापकबाईंनी निवडून ठेवाव्यात, आणि शक्यतो धावण्यात मागे पडणाऱ्या निवडाव्यात.