चौकटीपासून टीव्ही स्टँडपर्यंत: आमची वाटचाल

चिपळूणहून गुहागरकडे निघालात की चढणीला आमचे वर्कशॉप लागते. वर्षभरात इथून झोपाळे जातात, देवघरे जातात, एखाद्या वाड्याचा दिंडी दरवाजा दुरुस्त होऊन जातो. पण सगळ्यात जास्त मागणी आहे ती सागवानी आणि फणसाच्या टीव्ही स्टँडला. आमच्या वर्कशॉपचे मूळ सुतार अण्णा. त्यांनी काम सुरू केले तेव्हा त्यांचा धंदा होता दाराच्या चौकटींचा. जांभ्याच्या भिंती चढू लागल्या की माप घ्यायला अण्णांना बोलावणे यायचे. लाकूड बहुतेक वेळा घरमालकाच्याच आवारातले असायचे. आईन-किंजळ वाशांना, साग आणि फणस दारांना, ही वाटणी ठरलेली. चौकट उभी राहिली की नारळ फुटायचा आणि अण्णा पुढच्या गावाला निघायचे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण आमच्या पंचक्रोशीत घरोघरी टीव्ही यायला पुढे बरीच वर्षे गेली. सुरुवातीचे टीव्ही स्वतःच लाकडी पेटीत यायचे, पुढे सरकते शटर असलेले. त्यांना वेगळे फर्निचर लागतच नव्हते. पुढे प्लॅस्टिकच्या बॉडीचे रंगीत संच आले आणि त्यांच्यासोबत भिंतभर शोकेसची फॅशन आली. मधोमध टीव्हीचा कप्पा, आजूबाजूला कपबशा, ट्रॉफ्या आणि मुलांचे फोटो. 21 इंची काचेच्या नळीचा संच वीस किलोच्या वर भरायचा आणि दीड फूट खोल असायचा. अण्णांनी अशा शोकेस पुष्कळ केल्या. कप्पा त्या टीव्हीच्या मापाचा, बोटभर जागा सोडून.

मग चपटे टीव्ही आले. रुंदी वाढली, खोली गेली, आणि तो कप्पा निकामी झाला. मी वर्कशॉपमध्ये रोज बसू लागले ती साधारण त्याच काळात. तेव्हा आमच्याकडे नवीन कामापेक्षा एकच निरोप जास्त यायचा: "ताई, शोकेसची मधली उभी फळी कापून द्या, नवा टीव्ही बसत नाही." लाकूड उत्तम, सांधे घट्ट, अजून पन्नास वर्षे चालेल अशी वस्तू, आणि आम्ही तिला करवत लावायचो. ते कापकाम करतानाच आमच्या कामाची दिशा ठरली. टीव्ही आठ-दहा वर्षांत बदलतो. सागवान दोन पिढ्या टिकते. तेव्हा टीव्हीच्या भोवती लाकूड बांधायचे नाही. टीव्ही वर ठेवायचा, आणि खालचे लाकूड उघडता येईल, हलवता येईल, दुरुस्त करता येईल असे ठेवायचे.

डिझाइनची सुरुवात आम्ही उंचीपासून करतो, कारण तिथेच बहुतेक तयार स्टँड चुकतात. माणूस सोफ्यावर बसला की डोळे जमिनीपासून साधारण चाळीस इंचांवर येतात, भारतीय बैठकीवर तीस इंचांच्या आसपास. 55 इंची टीव्हीचा पडदा सुमारे सत्तावीस इंच उंच असतो आणि पायांमुळे तो आणखी दोन-अडीच इंच वर जातो. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा. हिशेब केला तर सोफ्याच्या घराला बावीस-चोवीस इंचांचा स्टँड लागतो आणि गादी-तक्क्याच्या घराला चौदा इंचांचा. म्हणून फोनवर आमचा पहिला प्रश्न टीव्हीबद्दल नसतो. तुम्ही कशावर बसता, हे आधी सांगा.

रुंदीचे गणितही बदलले आहे. पूर्वी टीव्हीला मधोमध एक बैठक असायची. आता बहुतेक संचांना दोन टोकांना दोन पाय असतात. 55 इंची टीव्ही चार फुटांहून थोडा जास्त रुंद, त्यामुळे स्टँड पाच फुटांचा केला की दोन्ही बाजूंना पाच-सहा इंच राहतात आणि येता-जाता धक्का लागत नाही. पाच फुटांची फळी नुसती दोन टोकांवर टेकवली तर ती मध्ये झोळ खातेच. जाडी आणि वजन तेच ठेवून लांबी दुप्पट केली तर झोळ आठपट होतो. प्लायच्या युनिटचा मधला भाग काही वर्षांत खाली आलेला दिसतो तो यामुळे. आम्ही पाटाखाली, म्हणजे स्टँडच्या वरच्या फळीखाली, पुढून-मागून तीन इंच उभी पट्टी देतो. पट्टी आडवी न टाकता उभी टाकली की तेवढ्याच लाकडात कितीतरी जास्त ताकद मिळते. घराच्या आढ्याला आणि वाशांना अण्णा जे तत्त्व लावायचे, तेच हे.

आता लाकूड. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ग्राहकाला दिसत नाही असे सगळे काम इथे असते.

सागवान आम्ही वखारीतून घेतो. चंद्रपूर-बल्लारशाचा माल, ज्याला व्यापारात अजूनही सीपी (जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणतात, रंगाला आणि रेषेला देखणा असतो. कोकणातल्या सागाला गाठी जास्त, पण नीट निवडला तर तोही चांगला. फणस मात्र इथलाच, वादळात पडलेला किंवा रीतसर परवानगीने तोडलेला. साग, फणस, आंबा ही झाडे आपल्या रानातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आलेल्या ओंडक्यातली नार, म्हणजे आतला पक्का गाभा, तेवढी आम्ही वापरतो. सालीजवळचा पांढरा भाग वाळवी आणि भुंगा आधी धरतात, तो काढून टाकायचा. पाच फुटांच्या एका स्टँडला साधारण चार घनफूट लाकूड घ्यावे लागते, त्यातले अडीच घनफूट स्टँडमध्ये जाते. बाकीचे पांढरे, गाठी, चिरा आणि रंध्याखालचा भुसा. किंमत ऐकून लोक दचकतात तेव्हा मी त्यांना हा ढीग दाखवते.

फळ्या कापल्यावर मांडवात रचतो, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या टाकून, म्हणजे वारा खेळतो. टोकांना मेण लावतो, कारण लाकडातला ओलावा टोकांतून सर्वांत लवकर जातो आणि तिथेच चिरा पडतात. फणसाला एक पावसाळा आणि त्यानंतरचा पुरा उन्हाळा दिल्याशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही.

आणि वाळले तरी लाकूड थांबत नाही. लांबीत ते हलत नाही म्हटले तरी चालेल, हलते ते रुंदीत. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये त्याच फळीला मॉइश्चर मीटर लावला तर चार-पाच टक्क्यांचा फरक आमच्याकडे सहज दिसतो. दीड फूट रुंद सागवानी पाटाला हा फरक म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर. पाट खालच्या चौकटीला डिंक लावून किंवा स्क्रू आवळून जखडला, तर हे तीन मिलिमीटर जाणार कुठे? पाट फाटतो, नाहीतर सांधा उघडतो. म्हणून आमचा पाट चौकटीवर नुसता धरून ठेवलेला असतो. चौकटीच्या आतल्या अंगाला खोबण असते, पाटाला खालून लाकडी गुटके स्क्रूने बसवलेले असतात आणि गुटक्याची जीभ त्या खोबणीत सरकते. पाट फुगला की जीभ खोबणीत आणखी आत जाते, आक्रसला की थोडी बाहेर येते. पाट उचलून बघितला तर टस की मस होत नाही, पण रुंदीत त्याला मोकळीक असते. मुंबईच्या एसी हॉलमध्ये गेलेल्या स्टँडना याची गरज आणखी जास्त असते, कारण तिथे हवा कोरडी असते.

बाजूंचे सांधे कुसवाचे. आडव्या पट्टीला कुसू, म्हणजे टोक तासून केलेली जीभ, काढायचे, ते पायातल्या भोकातून आरपार बाहेर काढायचे आणि बाहेर आलेल्या टोकात उभी पाचर ठोकायची. पाचर निमुळती असते, त्यामुळे जितकी ठोकाल तितका सांधा आवळतो. दोन-तीन वर्षांनी ढिलाई वाटली तर घरातल्या घरात लाकडी हातोडीचा एक टोला पुरतो. आमचे मिस्त्री काका भोक पटाशीने पाडतात आणि कुसू बसवण्याआधी त्याच्या चारही कडांना शिसपेन्सिल फिरवतात. कुसू आत घालून बाहेर काढले की जिथे काळे लागले तिथे घासत आहे, तेवढेच तासायचे. मुद्रा योजनेच्या कर्जातून आम्ही रंधा मशीन आणि जाडीचे मशीन घेतले. फळ्या सपाट करण्यात माणसाची कंबर मोडण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. सांधा मात्र हातानेच, कारण प्रत्येक फळी वेगळी असते आणि हाताला ते कळते.

पाचरीमुळे आमचा धंदा मुंबईपर्यंत गेला. पाच फुटांचा पंचेचाळीस किलोचा अखंड स्टँड डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीच्या जिन्याला वळत नाही. आता तो सुटा जातो. पाट, दोन बाजू, पट्ट्या, खण, सगळे गोधडीत गुंडाळून टेम्पोत, आणि घरी गेल्यावर पाचरी ठोकून उभा. एकही स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. भाड्याच्या घरात राहणारी तरुण मंडळी म्हणूनच तो घेतात. बिऱ्हाड हलले की स्टँडही सोबत हलतो.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी घराघरांतून शिकायला मिळाल्या. सेट-टॉप बॉक्सच्या कप्प्याला भरीव दार लावले तर रिमोट चालत नाही आणि बॉक्स आत तापतो, म्हणून पट्ट्यांची जाळीदार दारे. पट्ट्यांमधली फट पालीला शिरता येणार नाही एवढीच. मागची बाजू मोकळी, कारण आमच्याकडे आभाळ कडाडले की पहिला हात प्लग काढायला जातो. पाट न हलवता बोर्डापर्यंत हात पोचलाच पाहिजे. पाय पाच इंच, म्हणजे फरशी पुसताना फडके खालून जाते आणि लाकूड पाण्यात उभे राहत नाही. लहान मुले असलेल्या घरी टीव्ही पट्ट्याने स्टँडला आणि स्टँड भिंतीला बांधून देतो. खणावर पाय देऊन चढणारी मुले सगळीकडे सारखीच. जांभ्याच्या भिंतीत नुसता प्लॅस्टिकचा गिट्टा घातला तर तो पुढे सुटून येतो. तिथे आम्ही सागाचा गुटका सिमेंटमध्ये बसवतो आणि स्क्रू त्यात घेतो. जुन्या घरांत टीव्ही भिंतीला टांगण्यापेक्षा स्टँडवर ठेवा, असे मी सांगते त्याचे कारणही ही भिंतच.

22 जुलै 2021 च्या पुराबद्दल लिहिल्याशिवाय आमची वाटचाल पुरी होत नाही. वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, काही भागांत पहिल्या मजल्यापर्यंत गेले. 2005 चा पूर बघितलेली माणसेही हादरली. आमचे वर्कशॉप चढणीला असल्याने वाचले, पण आमची माणसे आणि आमचे ग्राहक खालीच राहतात. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फर्निचरचे ढीग लागले होते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ फुगून फुटलेले, प्लायचे पापुद्रे सुटलेले, सनमायका सोललेला. लोकांनी कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू होत्या त्या. डोळ्यांनी बघवत नव्हते.

भरीव लाकडाच्या वस्तू तेवढ्या परत आल्या. आम्ही केलेल्या आणि इतरांनी केलेल्याही. मांडवातला माल बाजूला सारून त्या घेतल्या. पाचरी ठोकून काढल्या, सांधे उघडले, कुसवांच्या भोकांतला गाळ ब्रशने धुतला आणि सगळे सावलीत रचून ठेवले. उन्हात ठेवू नका म्हणून घरोघरी सांगत होतो, कारण भिजलेले लाकूड वरून भराभर वाळले की तडकते. ज्यांच्यात लोखंडी स्क्रू होते, त्यांच्या स्क्रूंभोवती काळे डाग धरले होते आणि माथे गंजून स्क्रू निघेनात. तेव्हापासून बिजागरीला आणि गुटक्यांना आम्ही फक्त पितळी स्क्रू वापरतो. दिवाळीनंतर त्या वस्तू पुन्हा जुळवल्या, तेल देऊन घरी पोचवल्या. त्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, असे अण्णांनी सांगितले होते. बाजारपेठेतले एक ग्राहक स्टँड उतरवून घेताना म्हणाले, "अण्णा, घरात जुनं म्हणून एवढंच उरलं." अण्णा काही बोलले नाहीत, पाचरी मात्र स्वतः बसून ठोकल्या.

त्या वर्षानंतर लोक स्वतःहून विचारू लागले: हा सुटा होतो ना?

पॉलिशबद्दल थोडे. पावसाळ्यात लाखेचे पॉलिश पांढरे पडते, म्हणून ते आम्ही सोडले. जवसाचे उकळलेले तेल तीन हात, वर मेण. तेलही दमट हवेत वाळत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर फक्त सांधेकाम चालते. तेलाच्या चिंध्या मुलांना पाण्याच्या बादलीत टाकायला शिकवले आहे. गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेतात, हे नवीन माणसाला खरे वाटत नाही. फणसाचा स्टँड घरी गेल्यावर काही महिन्यांत हळदीसारखा पिवळा रंग सोडून तांबूस होत जातो. नोंदणीच्या वेळीच आम्ही जुना तुकडा आणि नवा तुकडा शेजारी ठेवून दाखवतो.

आता आयटीआय झालेली दोन मुले मिस्त्री काकांच्या हाताखाली आहेत. पैकी एकाची पाचर काका आता तपासत नाहीत. मला वाटते, वर्कशॉपच्या भवितव्याची यापेक्षा मोठी बातमी नाही. कामाचा वेग मात्र आम्ही वाढवणार नाही, कारण तो लाकडाच्या वाळण्यावर अवलंबून आहे. सध्या मांडवात रचलेला फणस पुढच्या मे महिन्यात खुला होईल, त्यातून पाच फुटांचे मोजकेच स्टँड निघतील. त्यांची नोंदणी गणपतीनंतर सुरू करू. येताना हॉलचा एक फोटो आणा, त्यात प्लगचा बोर्ड दिसू द्या.