पुरानंतर बुंदीचे केस

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार. आमच्या कुत्रीच्या, बुंदीच्या, कानामागे कंगवा घातला आणि तो तिथेच अडकला. आमचं घर बडोद्याच्या कारेलीबागेत, तळमजल्यावर. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी नुकतंच ओसरलं होतं, भिंतीवर गुडघ्याच्या वर त्याची रेघ होती आणि घरभर त्या गाळाचा वास. बाकी सगळं टाकून मी ओट्यावर बुंदीला मांडीत घेऊन बसले होते, कारण चार दिवसांत तिच्या अंगाला कंगवा लागला नव्हता. केस बाजूला करून कातडी बघायला गेले, तर कातडी दिसेचना. वरून मऊ दिसत होतं, खाली बोटांना घट्ट नमदा लागत होता.

बुंदी म्हणजे आमची टॉय पूडल, कुरळ्या केसांच्या पूडल जातीतली सगळ्यात लहान आकाराची, जर्दाळू रंगाची. डिसेंबर २०२३मध्ये आणली तेव्हा दोन महिन्यांची होती. पूडलच का, तर सासूबाईंना दम्याचा त्रास आणि ही जात केस गाळत नाही असं ऐकलेलं. आईंच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की ॲलर्जी केसांची नसते, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, त्यामुळे कुठलाच कुत्रा शंभर टक्के निर्धोक नाही. म्हणून आईंना घेऊन आम्ही पिल्लू बघायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा तासभर तिथे बसलो. त्यांना काही झालं नाही, तेव्हा आणली. ज्याला कुणाला घरातल्या दम्यासाठी असा कुत्रा हवा असेल, त्याने एवढं तरी करावंच. देणाऱ्याने मात्र सांगितलं, "केस गळत नाहीत, तुम्हाला काही करावं लागणार नाही." हे वाक्य मला फार महागात पडलं.

केस गळत नाहीत म्हणजे काय होतं, ते मला त्या शनिवारी कळलं. पूडलचा केस आपल्या डोक्यावरच्या केसासारखा बराच काळ वाढत राहतो. तुटतो, सुटतो तोही, पण कुरळ्या केसांतून खाली न पडता शेजारच्या केसांत गुंतून बसतो. सोफ्यावर जो केस दिसत नाही, तो कुत्र्याच्या अंगावरच असतो. तो हातानेच काढावा लागतो. त्यात बुंदी तेव्हा दहा महिन्यांची. या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट केस येतात आणि गुंता सगळ्यात जास्त होतो. आणि नेमका तेव्हाच पूर.

जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आम्ही वरच्या मजल्यावरच्या मासींकडे गेलो. जिन्यात पाणी होतं. माझ्या हातातून बुंदी सुटली आणि सरळ पोहायला लागली. घाबरली नाही ती, घाबरले मी. विश्वामित्रीच्या पाण्याबरोबर मगरीही गल्ल्यांत येतात, हे बडोद्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. उचललं, वर नेलं, मासींच्या जुन्या पंच्याने खसाखसा रगडून पुसलं. लाइट नाही, ड्रायर नाही, बाहेर पाऊस. चार दिवस ती ओलीच राहिली म्हणा ना. शिवाय पट्टा सुटून जाईल या भीतीने अंगावरचा हार्नेस मी रात्रीसुद्धा काढला नाही.

यातली प्रत्येक गोष्ट गुंता वाढवणारी होती, हे नंतर समजलं. टॉवेलने रगडलं की कुरळे केस एकमेकांत पिळले जातात, टॉवेल नुसता दाबून पाणी टिपायचं. गाठ असलेला केस भिजून सुकला की गाठ आवळते. पट्ट्याखाली, काखेत, कानामागे, मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे घासलं जातं तिथे आधी जटा होतात.

शनिवारी मी अजून एक चूक केली. शिवणाची कात्री घेऊन कानामागची गाठ कापायला गेले. गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि केस कुठे संपतो, कातडी कुठे सुरू होते ते दिसत नाही. तिला लागलं. छोटीशीच जखम, पण ती जशी ओरडली तो आवाज अजून कानात आहे. जट कात्रीने कापू नका, कृपा करून.

रस्ते मोकळे झाल्यावर तिला जुन्या पादरा रोडवरच्या एका ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे, नेलं. त्याने पाठीवर हात फिरवला, काखेत बोटं घातली आणि म्हणाला, "बेन, आ तो काढवुं ज पडशे." म्हणजे हे सगळं काढावंच लागणार. मी विनवलं, हळूहळू सोडवता नाही का येणार? तो म्हणाला, येईल, पण तीन-चार तास ओढाओढ होईल आणि ती आयुष्यभर कंगव्याला घाबरेल. केस परत येतात, विश्वास लवकर परत येत नाही.

त्याने दहा नंबरचं ब्लेड लावलं. ते जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं, पण जटेच्या खालून, कातडीला लागून तेच जाऊ शकतं. दर थोड्या वेळाने मशीन थांबवून तो ब्लेड स्वतःच्या मनगटाला आतून लावून बघायचा. तापलेलं ब्लेड कातडी भाजतं. दोन तासांनी मागच्या पायावरचा थर एका तुकड्यात उतरून आला, पायमोजासारखा, पायाच्या आकाराचा. घोंगडीचा तुकडा वाटावा इतका जाड. खाली कातडी लालभडक, दोन जागी ओली. एवढे दिवस तिला हे खुपत होतं आणि ती मुकाट होती. मी तिथेच रडले.

घरी आणली तेव्हा दोन दिवसांवर गणपती होते. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हिला काय झालं? कुणी हसलं की आईंना आवडायचं नाही, त्या बुंदीला पदराखाली घ्यायच्या. पशुवैद्यांनी कातडीला लावायचं औषध आणि कानांसाठी थेंब दिले. लोंबते कान, आत केस आणि पावसाळी दमटपणा, त्यामुळे कानात बुरशी झाली होती. ऊन लागू नये म्हणून दीड महिना सकाळी सातच्या आतच फिरायला नेलं.

पूडल मुळात पाण्यातलाच कुत्रा. नावच जर्मन भाषेतल्या पाण्यात डुंबण्याच्या शब्दावरून आलेलं. शिकारी लोक पाडलेली बदकं आणायला याला पाण्यात सोडत, आणि केस जड होऊ नयेत म्हणून मागचं अंग भादरून छाती आणि सांधे तेवढे ऊब राहायला झाकलेले ठेवत. ती कापणी मला पूर्वी नखरा वाटायची, आता वाटत नाही.

आता रोज रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं. केसांचा भांग पाडायचा, कातडीची गुलाबी रेघ दिसली पाहिजे, मग त्या ओळीला आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि नंतर लोखंडी कंगवा मुळापासून टोकापर्यंत. मग अर्ध्या बोटावर पुढची ओळ. नुसता ब्रश फसवतो, वरचे केस फुलतात आणि खाली गाठ तशीच राहते. कंगवा खरं सांगतो. लहान गाठ असेल तर मुळाशी केस चिमटीत धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून सोडवत यायचं. अंघोळीच्या आधी सगळा गुंता निघालाच पाहिजे. अंघोळीनंतर ड्रायर आणि ब्रश एकाच वेळी, पार मुळापर्यंत कोरडं होईतो. पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमर. केस मी दीड-दोन सेंटीमीटरच ठेवते. लांब केसांचा गोंडा सुंदर दिसतो, पण बडोद्याच्या पावसाळ्यात तो मला सांभाळता येणार नाही, आणि भोगायचं तिला असतं.

सुरुवातीला कंगवा दिसला की ती पलंगाखाली जायची. मग पंधरा दिवस कंगवा नुसता जमिनीवर ठेवला आणि शेजारी उकडलेल्या गाजराचे तुकडे. नंतर एकच ओळ, मग दोन. आता ती आपण होऊन कूस बदलते. आई खुर्चीत बसून माळ ओढत असतात, पण लक्ष सगळं इकडे. मी कंगवा ठेवायला उठले की विचारतात, "काखेत बघितलंस का?"