फरशीखालचं हीटिंग, एक थंड खोली आणि आम्ही बांधलेलं घर : माझा अनुभव

आमचं घर आम्ही स्वतः बांधलंय, म्हणजे पाया आणि छप्पर सोडलं तर बाकी बरंचसं आमच्याच हातचं, फरशीखालचे पाइप अंथरण्यापासून ते भिंतीत इन्सुलेशन भरण्यापर्यंत. तळमजल्यावर फ्लोअर हीटिंग, वरती जरा मोठ्या मापाचे रेडिएटर, आणि बाहेर हीट पंप, जो हवेतली उष्णता खेचून पाणी गरम करतो. कागदावर सगळं झकास होतं. मग पहिला हिवाळा आला आणि हॉलमध्ये २३ डिग्री, उत्तरेकडच्या खोलीत १६, हीट पंप सारखा चालू-बंद चालू-बंद, आणि प्रेशरचा काटा हळूहळू खाली सरकतोय.

आता सगळे जे करतात तेच आम्हीपण केलं, पाण्याचं टेम्परेचर वाढवलं. ३५ चं ४० केलं, मग ४५. हॉलमध्ये घाम यायला लागला, उत्तरेची खोली जेमतेम १७. आणि हीट पंपाला पाणी जितकं जास्त गरम करायला लावाल तितका तो जास्त वीज खातो, साधारण प्रत्येक डिग्रीमागे २ ते ३ टक्के धरा, म्हणजे ज्या खोलीला फरक पडत नाहीये तिच्यासाठी आपण अख्ख्या घराचं बिल वाढवतोय. नवरा म्हणाला, अगं मशीनच छोटं पडतंय बहुतेक, मोठं घेऊया. मी म्हटलं थांब जरा, हॉल तापतोय ना, मग मशीन उष्णता देतंय, ती खोलीपर्यंत का पोचत नाही ते बघू.

तर पाणी परत खाली आणलं आणि मॅनिफोल्डच्या पेटीपासून सुरुवात केली. मॅनिफोल्ड म्हणजे जिथून गरम पाणी वेगवेगळ्या खोल्यांच्या लूपमध्ये (फरशीखाली फिरून परत येणाऱ्या पाइपात) वाटलं जातं आणि परत येतं ती जागा. प्रत्येक लूपच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपावर साधे छोटे थर्मामीटर चिकटवले आणि वरून फोमचा तुकडा गुंडाळला (फोम नसेल तर थर्मामीटर पेटीतल्या हवेचंच टेम्परेचर सांगत बसतो, पाइपाचं नाही). आकडे बघितल्यावर चित्र लगेच कळलं. हॉलच्या लूपमध्ये ३६ ने पाणी जातंय आणि ३४ ने परत येतंय, उत्तरेच्या खोलीत ३६ ने जातंय आणि २२ ने परत. म्हणजे हॉलमध्ये पाणी धावत सुटलंय आणि खोलीत रांगतंय, इतकं सावकाश की वाटेतच सगळी उष्णता संपते. फ्लो मीटरच्या काचेच्या नळ्यापण तेच सांगत होत्या, हॉल मिनिटाला ४ लिटर, खोली जेमतेम ०.४.

इथे एक हिशेब सांगते जो मला सगळ्यात जास्त कामाला आला. मिनिटाला किती लिटर, गुणिले जाताना-येताना टेम्परेचरमधला फरक, गुणिले ०.०७, की उत्तर किलोवॅटमध्ये येतं. खोलीचं गणित, ०.४ गुणिले १४ गुणिले ०.०७, म्हणजे जेमतेम ४०० वॉट. त्या खोलीला दोन बाहेरच्या भिंती आणि मोठी खिडकी, थंडीत तिला ९०० च्या आसपास लागणार. फरक ६ डिग्री ठेवायचा असेल तर मिनिटाला २ लिटरच्या जरा वर पाणी पाहिजे. बास, आता काय मिळवायचंय ते ठरलं, अंदाजपंचे काही नाही.

पण पाणी तिकडे कमी का जातंय? कारण लूपची लांबी. बऱ्याच पाइपांवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, आमच्या पाइपांवरपण होता, आणि मॅनिफोल्डपाशी दोन्ही टोकं उघडी असल्यामुळे शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला की लांबी मिळते, फरशी फोडायची गरज नाही, नकाशा हरवला असेल तरी चालतं. हॉलचे लूप ४० ते ५० मीटरचे निघाले, मॅनिफोल्ड तिथेच असल्याने, आणि उत्तरेच्या खोलीचा ११२. १६ एमएमच्या पाइपाला १०० च्या आत राहावं असं म्हणतात, पण बांधताना ती खोली पुढे वाढवली आणि कोब्याखाली जोड द्यायचा नाही म्हणून तोच पाइप पुढे नेला होता. पाणी शेवटी सोप्या वाटेनेच जाणार.

उपाय म्हणजे बॅलन्सिंग, प्रत्येक लूपला गरजेइतकंच पाणी जाईल असं जुळवणं. त्यात लांब लूप पूर्ण उघडा ठेवायचा आणि छोट्यांना आवळायचं, हे आधी लक्षात यायला हवं, कारण लांब लूप आणखी उघडून उघडणार किती. अ‍ॅक्चुएटरची डोकी (थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून लूप उघडणारी-बंद करणारी) सगळी काढून ठेवली म्हणजे थर्मोस्टॅट मध्येच काही बंद करणार नाही, आणि हॉलचे लूप पाव फेरी, पाव फेरी असे बंद करत गेले. ह्यात कठीण काय असेल तर वाट बघणं. पाइपावर साडेसहा सेंटीमीटर कोबा आहे, तो तापायला आणि निवायला इतका वेळ घेतो की आज केलेल्या बदलाचा परिणाम उद्या दिसतो, आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी येऊन अजून एक स्क्रू फिरवून जातं. शेवटी मॅनिफोल्डच्या दाराला आतून कागद चिकटवला, तारीख, वेळ, कुठला लूप, किती फिरवला, आणि लिहिल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलं.

हॉल दीड लिटरवर आला, खोली १ लिटरपर्यंत चढली आणि तिथेच अडकली. बाकीचे जवळजवळ बंद केले तरी १ च्या वर जाईना. पाणी फिरवणाऱ्या पंपाची सेटिंग सगळ्यात वर, तरी नाही. रात्री कान लावला तर मॅनिफोल्डमधून गुळगुळ आवाज, म्हणजे हवा. वरचा ऑटोमॅटिक एअर व्हेंट लांब आडव्या लूपमध्ये अडकलेली हवा काढू शकत नाही, ती पाण्याच्या जोराने ढकलूनच काढावी लागते. त्यासाठी बाकी सगळे लूप दोन्ही बाजूंनी बंद, फक्त तो एक उघडा, एका बाजूने नळाचं पाणी भरायचं आणि दुसऱ्या बाजूच्या ड्रेनला होज लावून त्याचं टोक बादलीत पाण्याखाली. आधी बुडबुडे, मग काळपट पाणी, मग परत बुडबुडे, मग स्वच्छ. बुडबुडे थांबले असं वाटल्यावरही जरा वेळ चालू ठेवा, आमच्याकडे शेवटी एक मोठी ढेकर आली.

हे करताना काळं पाणी बघितलं म्हणून हीट पंपाच्या आधीचा स्ट्रेनरपण, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, उघडला. दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून टोपी काढायची, खाली भांडं धरायचं. जाळीत पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा चुरा, टेफ्लॉन टेपचे तुकडे, लोखंडाचा काळा चिखल, निम्म्याहून जास्त जाळी बंद. नवीन घरात हे होणारच, स्ट्रेनर तेवढ्यासाठीच असतो, पहिल्या हिवाळ्यात तो परत परत उघडायचा. आमच्या ८ किलोवॅटच्या हीट पंपाला ५ डिग्रीचा फरक ठेवायला मिनिटाला साधारण २३ लिटर पाणी फिरायला हवं, स्क्रीनवर १४ दाखवत होता. जाळी धुतल्यावर २२. मशीन सारखं बंद का होतं त्याचं अर्धं उत्तर इथेच होतं, पाणी कमी म्हणून ते झटकन तापतं, मशीनला वाटतं झालं काम, बंद. जरा वेळाने परत चालू.

आता उत्तरेची खोली २ लिटरवर, हळूहळू २० डिग्रीला आली. सगळे खूश. अ‍ॅक्चुएटरची डोकी परत बसवली, आणि खोली परत थंड!

इथे मात्र डोकं फिरलं. थर्मोस्टॅट २१ वर, खोलीत १८, थर्मोस्टॅट उष्णता मागतोय असं दाखवतोय आणि फ्लो मीटर शून्य. नवऱ्याने थर्मोस्टॅट पार ३० पर्यंत वर नेला, मी मॅनिफोल्डपाशी उभी, आणि तीनेक मिनिटांनी दुसऱ्याच लूपच्या अ‍ॅक्चुएटरचा निळा दांडा वर आला, कोठीच्या खोलीचा. वायरिंग करणाऱ्याने दोन खोल्यांच्या तारा अदलाबदल केल्या होत्या. कोठीत थर्मोस्टॅट १५ वर, तिथे कायम त्यापेक्षा जास्त, म्हणून उत्तरेच्या खोलीचा लूप कायम बंद, आणि खोली थंड म्हणून कोठी तापतेय. सुरुवातीला जे ०.४ लिटर दिसत होतं तेही बहुतेक नीट न बसलेल्या डोक्यातून झिरपणारं पाणी असावं. हे तपासायला काही लागत नाही, सगळे थर्मोस्टॅट खाली करायचे, एकेक वर करायचा आणि कुठलं डोकं उठतं ते बघायचं, उठायला काही मिनिटं लागतात तेवढं थांबायचं. कुणी नवीन घरात राहायला जात असेल तर सामान लावायच्या आधी हे करून घ्या, खरंच.

सारखं चालू-बंद होण्याचं उरलेलं अर्धं उत्तर थर्मोस्टॅटच होते. सगळ्या खोल्या तापल्या की सगळे लूप बंद, मग हीट पंपाला खेळायला पाणीच उरत नाही. १६ च्या पाइपात मीटरला जेमतेम ११० मिली पाणी असतं, १०० मीटरमध्ये ११ लिटर, म्हणजे एकदोन लूप उघडे असतील तर मशीन ते बघता बघता तापवतं. एकाने बफर टाकी (जास्तीचं पाणी साठवणारी) बसवा सांगितलं, चांगला उपाय आहे तो पण जागा नव्हती, आणि त्याआधी फुकटातला उपाय करून बघायचा होता. हॉल, किचन आणि बाथरूमच्या लूपची डोकी काढूनच टाकली, ते कायम उघडे, आणि घराचं टेम्परेचर हीट पंपाच्या वेदर कर्व्हवर सोडलं, म्हणजे बाहेर जितकी थंडी तितकं पाणी जरा जास्त गरम. बाहेर १० असताना पाणी ३०, बाहेर शून्य असताना ३५ च्या आसपास. कर्व्ह एक एक डिग्री खाली आणत गेलो, सगळ्यात थंड खोली कुरकुर करेपर्यंत, मग एक डिग्री वर. आता मशीन तासन्‌तास मंद चालत राहतं, आणि ते तसंच चालायला हवं.

प्रेशरचं प्रकरण वेगळं. काटा दीडवरून ०.८ वर आला की प्रत्येकाच्या मनात एकच भीती, फरशीखाली गळती. रात्री मॅनिफोल्डचे मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, त्याच्यावर स्वतःचा गेज होता तो बघितला, सकाळी जसाच्या तसा, म्हणजे फरशीखाली काही नाही, हुश्श. मग लक्षात आलं की आंघोळीचं पाणी तापताना काटा ३ बारपर्यंत उडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपातून थेंब पडतात, पाणी निवलं की काटा आधीपेक्षा खाली. दोषी एक्स्पान्शन टाकी. तिच्यात एका बाजूला हवा आणि मध्ये रबरी पडदा असतो, पाणी तापून फुगलं की हवा दबते. आमच्या टाकीत हवाच उरली नव्हती. हवा मोजताना पाण्याच्या बाजूचं प्रेशर शून्य करायला लागतं, नाहीतर आकडा खोटा येतो, आणि व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी बदला. आमचा पडदा ठीक होता. किती भरायची? १० मीटर उंचीला १ बार, आमचा सगळ्यात वरचा रेडिएटर टाकीपासून ५ मीटरवर म्हणजे अर्धा बार, त्यात ०.३ मिळवून ०.८ भरली, आणि थंड असताना पाणी १.२ पर्यंत. बरेच लोक काटा खाली आला की नुसतं पाणी भरत राहतात, ते नको, प्रत्येक नवीन पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि तोच काळा चिखल परत तयार होतो.

एवढं करूनही पहिल्या हिवाळ्यात घर हिशेबापेक्षा जास्तच उष्णता खात होतं, त्याचं कारण मशीनमध्ये नव्हतंच. घर ओलं होतं. कोबा, प्लास्टर, काँक्रीट ह्यात इतकं पाणी असतं आणि ते वाफ होऊन बाहेर पडायला उष्णता घेतं, लिटरला जवळजवळ ०.७ युनिट. सकाळी काचांवर पाणी, आर्द्रता ७० च्या पुढे. खिडकी किलकिली ठेवून काही होत नाही, भिंत तेवढी गार पडते. पाचदहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि बंद, दिवसातून काही वेळा, थंडीत सगळे शिव्या देतात पण आर्द्रता झपकन उतरते. दुसऱ्या हिवाळ्यात तोच कर्व्ह जास्त पडला, आणखी खाली आणावा लागला.

आणि वारा. वाऱ्याच्या दिवशी किचनचा एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावून उदबत्ती घेऊन घरभर फिरले, स्विचबोर्ड, खिडकीच्या चौकटी, भिंतीच्या खालच्या पट्ट्या. उत्तरेच्या खोलीत एका सॉकेटपाशी धूर आडवा झाला, आणि हीट पंपाचे पाइप भिंतीतून जिथे आत येतात तिथेपण, बाहेरून फोम दिसत होता पण आत पोकळ. दोन्ही बुजवल्यावर खोली पाणी न वाढवता एक डिग्री चढली. नंतर थर्मल कॅमेरा भाड्याने आणला (आत-बाहेर निदान १० डिग्रीचा फरक असेल तेव्हाच आणा, नाहीतर काही दिसत नाही), त्यात छप्पर आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात इन्सुलेशन खाली बसलेलं दिसलं. ते आता उन्हाळ्यात उघडणार.

एक अजून, बाहेर शून्य ते पाचच्या मध्ये दमट हवा असेल तर बाहेरच्या युनिटमधून अचानक वाफेचा लोट येतो, पंखा थांबतो, आतलं पाणी काही मिनिटं गार होतं. आम्हाला वाटलं जळलं मशीन. ते डीफ्रॉस्ट, कॉइलवरचं बर्फ वितळवतंय, घाबरायचं नाही, फक्त वितळलेलं पाणी जायला वाट ठेवा, नाहीतर युनिटच्या खाली बर्फाची लादी तयार होते आणि पंख्याला लागेपर्यंत वाढते.

सध्या तक्रार एकच उरलीये, डीफ्रॉस्ट संपताना वरच्या बाथरूमच्या रेडिएटरमधून ठक ठक आवाज येतो. पाइप तापून लांबतो आणि क्लिपमध्ये घासतो असा माझा संशय आहे, नवऱ्याला अजून हवाच वाटतेय. हवा काढून बघितली, आवाज तसाच, आता क्लिपा सैल करायच्यात.