गुलाबी बाटली आणि डॉक्सीची गोळी

पावसाळ्यात डिचोलीतल्या आमच्या फार्मसीत तापाच्या चिठ्ठ्या वाढतात. चिखलात उघड्या पायांनी लावणी करणाऱ्यांना लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या तापाचा, धोका असतो, आणि संशय आला की डॉक्टर बरेचदा डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून देतात.

त्या संध्याकाळी एक काकी भिजतच आल्या. "ताई, ह्यांचा ताप हटत नाही गं. याहून कडक गोळी दे."

कडक गोळी मागितली की मी आधी हातातली गोळी कशी घेतात ते विचारते. काका जेवून, घोटभर पाण्याबरोबर डॉक्सीची गोळी घेऊन लगेच आडवे व्हायचे. मग छातीत आग पडायची, म्हणून लागलीच घरातल्या पित्ताच्या गुलाबी जेलचे दोन चमचे. सकाळी तेच, रात्री तेच.

त्या जेलमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते. डॉक्सी या धातूंना पोटातच घट्ट धरते, मग ती रक्तात नीट शोषली जात नाही. पाकीट संपते, पण रोगजंतूंपर्यंत औषध पुरेसे पोचतच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या गोळीचेही तसेच, म्हणून ती अशा जेलच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायला सांगतात.

"अगं, पण ते तर साधं पित्ताचं औषध!" काकी म्हणाल्या. हे वाक्य मला फार काळजीत टाकते. चिठ्ठीवर नसलेले औषध लोक औषधात धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनाही ते कळत नाही.

मी काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावला. लेप्टोत मूत्रपिंड आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा नुसती वेळ बदलून बघू म्हणणे मला पटेना. त्यांनी काकांना लगेच बोलावले, तपासले, रक्त पाठवले. डॉक्सी चालू ठेवली, जेल बंद. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास पडायचे नाही.

काकींनी पोटातले आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलचेही विचारले. त्यात हे धातू नसतात, डॉक्सीला ते असे अडवत नाही. सेफ्युरॉक्झिम या आणखी एका प्रतिजैविकाच्या गोळीचे मात्र उलट: पोटातले आम्ल कमी झाले की तीच कमी शोषली जाते. म्हणून 'पित्ताची गोळी चालते का' याला एकच उत्तर मी कधी देत नाही.

पुढे काकांचा ताप उतरला. जेल थांबवल्यानेच उतरला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही; आजाराचाही आपला क्रम असतो. छातीतली आग मात्र पेलाभर पाण्यानेच गेली, असे काकी स्वतः येऊन सांगून गेल्या.